मिसिसिपी जॉन हर्टची १९२८ची तेरा गाणी: आधी ही सीडी घ्या, मग बाकीचे

ब्लूज, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या लोकांचं गाणं, ऐकायला सुरुवात कुठून करावी असं विचारलं की हटकून एकच नाव पुढे येतं: रॉबर्ट जॉन्सन. त्याची गाणी थोर आहेतच. पण गाण्यांच्या आधी माणसाला गोष्टच ऐकवली जाते. मिसिसिपीतला चौरस्ता, मध्यरात्र, सैतान येतो, गिटार सुरात लावून देतो आणि बदल्यात आत्मा घेऊन जातो. खरं तर ही गोष्ट आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याचा भाऊ सांगायचा, पुढे ती रॉबर्टच्या नावावर चढली. ऐकायला झकास आहे. पण तिच्यापायी नवा श्रोता गिटारमध्ये भुताटकी शोधत बसतो आणि हात काय करतोय तिकडे त्याचं लक्षच जात नाही.

म्हणून माझी शिफारस दुसरी आहे. मिसिसिपी जॉन हर्टची ‘अॅव्हलॉन ब्लूज: द कम्प्लीट १९२८ ओके रेकॉर्डिंग्ज’. सीडी १९९६ साली निघाली. तेरा गाणी, एक माणूस, एक गिटार, चाळीस मिनिटांच्या आसपास. हर्टला सैतान वगैरे कधी भेटला नाही. तो शेतात राबायचा आणि शनिवारी गावात वाजवायचा.

मी कुठल्या कानाने ऐकतो ते आधी सांगितलेलं बरं. तरुणपणी मी नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. गणपती, लग्नं, कॉलेजची गॅदरिंग. हातात पिक म्हणजे तारा छेडायची चपटी पट्टी, समोर कॉर्डची वही, मध्येच एखादा लीडचा पीस आणि पुन्हा रिदम. उजव्या अंगठ्याचं काम काय, तर पिक घट्ट धरणं. संपलं. ही सीडी न्यू जर्सीतल्या भाच्याने आणली. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात वापरलेली मिळाली म्हणे, कव्हरला एक तडा होता. हातात देताना म्हणाला, “मामा, ऐक. आणि दुसरा गिटारवाला शोधत बसू नकोस, तो नाहीये.”

पहिलं गाणं ‘फ्रँकी’. ते सुरू झाल्यावर मी दुसरा गिटारवाला शोधलाच. खाली बेस ठाम चालू, वर सूर त्याच्या अंगावरून उड्या मारत जातोय, आणि दोन्ही इतके सुटे की एका हाताचं काम वाटू नये. वेगही असा की आमच्या ऑर्केस्ट्रातला ढोलकीवाला खूश झाला असता. फ्रँकी आणि तिच्या बदफैली प्रियकराची ही कथा खऱ्या घटनेवरून आली आहे. १८९९ साली सेंट लुईसमध्ये फ्रँकी बेकर नावाच्या तरुणीने आपल्या मित्राला गोळी घातली, त्यावर गाणी झाली आणि ती दक्षिणेत सगळीकडे पसरली. हर्ट ते सगळं एखाद्या शेजाऱ्याने ओट्यावर बसून सांगावं तसं सांगतो. आवाज चढवत नाही, रडत नाही. खून झाला, पुढे काय झालं ऐका.

हे रेकॉर्डिंग कसं झालं ते कळल्यावर तर मी ते गाणं लगेच पुन्हा लावलं. तारीख १४ फेब्रुवारी १९२८, ठिकाण मेम्फिस. हर्ट तेव्हा पस्तिशीचा. त्याच्या भागात विली नारमूर नावाचा गोरा फिडलवादक होता. त्याचा जोडीदार शेल स्मिथ नसला की हर्ट कधीकधी त्याच्या साथीला गिटार घेऊन बसायचा. ओके या रेकॉर्ड कंपनीचा माणूस नारमूरला गाठायला आला, तेव्हा नारमूरनेच हर्टचं नाव सुचवलं. मेम्फिसला एक मोठा हॉल, त्यात कंपनीचे रॉकवेल, एक इंजिनिअर आणि हर्ट, एवढीच माणसं. हर्टने पुढे सांगितलंय की त्याला खुर्चीवर बसवलं, मायक्रोफोन थेट तोंडापाशी सरकवला, जागा पक्की झाल्यावर डोकं अजिबात हलवू नको म्हणून बजावलं. तो घाबरलेला होता आणि नंतर कित्येक दिवस त्याची मान दुखत होती. आता ‘फ्रँकी’ पुन्हा ऐका. मान ताठ धरून, जीव मुठीत घेऊन बसलेल्या माणसाचा हात एवढा मोकळा चालतो? माझा चालला नसता. पहिल्यांदा स्टुडिओत गेलो तेव्हा तीन कॉर्डच्या गाण्यात मी दोनदा अडखळलो होतो, आणि तिथे मान हलवायची परवानगी होती.

मेम्फिसला त्याच्याकडून आठ गाणी भरून घेतली, त्यातली दोनच बाजारात आली. ‘फ्रँकी’ आणि ‘नोबडीज डर्टी बिझनेस’, एकाच तबकडीच्या दोन बाजू. रेकॉर्ड खपावी म्हणून नावाला ‘मिसिसिपी’ कंपनीने चिकटवलं. बरी खपली असावी, कारण त्याच वर्षी डिसेंबरात त्याला न्यूयॉर्कला बोलावलं. २१ आणि २८ डिसेंबर अशी दोन बैठकींची कामं झाली. उरलेली अकरा गाणी तिथली.

आता अंगठा. कंट्री ब्लूज म्हणजे खेड्यातला, बिनविजेच्या गिटारवरचा ब्लूज. एकटा माणूस गातो आणि साथही स्वतःच करतो, म्हणजे ताल, बेस आणि सूर हे तिन्ही एका उजव्या हाताच्या वाट्याला येतात. हर्टने त्याची वाटणी अशी केली: अंगठा खालच्या सुरांच्या जाड तारांवर आळीपाळीने पडत राहणार, काही झालं तरी थांबणार नाही. पहिली दोन बोटं वरच्या सुरांच्या बारीक तारांवर चाल वाजवणार. उरलेली बोटं गिटारच्या अंगावर टेकलेली, हाताला टेकू म्हणून. अंगठ्याचा ठोका घड्याळासारखा, पण चाल त्या ठोक्यावर नेमकी पडत नाही. कधी अर्धी मात्रा आधी, कधी उशिरा, कधी अंगठ्याच्या सोबत चिमटीने. सगळी गंमत या मागेपुढे होण्यात आहे. पिकवाल्यांना हे जमत नाही, कारण आमचा हात एकाच वेळी एकच गोष्ट करायला शिकलेला असतो.

भाचा असेपर्यंत आम्ही ‘लुईस कॉलिन्स’ बसवायचा प्रयत्न केला. ‘सी’च्या घरातले साधे कॉर्ड, शिकाऊ मुलाच्या वहीत पहिल्या पानावर असतात ते. डावा हात विनातक्रार चालला. उजव्या हाताने मात्र मान टाकली. चालीचा सूर आला की अंगठा त्याच्याकडे धावायचा, जणू त्याला विचारल्याशिवाय काही वाजवायचं नाही. शेवटी भाच्याने चाल काढूनच टाकली. “मामा, नुसता अंगठा चालव आणि तोंडाने बोलत राहा. भाजी काय आणायची ते सांग.” बोलता बोलता अंगठा आपोआप चालायला लागला, की मग एक सूर. मग दोन. गिटार शिकणाऱ्यांना हा उपाय मी बिनधास्त सुचवतो.

‘लुईस कॉलिन्स’ हे या सीडीतलं माझं सगळ्यात आवडतं गाणं. हेही खुनाचं. गोळीबारात गेलेल्या एका माणसाचं, त्याच्या आईच्या दुःखाचं, आणि देवदूतांनी त्याला निजवल्याचं. हर्टने घटना पाहिली नव्हती. लोकांच्या तोंडून जे कानावर आलं त्यावरून गाणं रचलं, असं तो सांगायचा. शब्द बाजूला ठेवले तर चाल अंगाईसारखी आहे, आणि गिटार तर जवळजवळ आनंदी. दुःखाच्या गाण्याला दुःखी चाल हवीच असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. तो इथे साफ मोडलाय आणि त्यामुळे गाणं जास्त लागतं.

‘स्टॅक ओ’ली’ ही तिसरी खुनाची कथा. १८९५च्या नाताळात सेंट लुईसच्या एका गुत्त्यात ली शेल्टनने बिली लायन्सला मारलं, भांडण पेटलं टोपीवरून. ही गोष्ट शेकडो जणांनी गायली आहे आणि बहुतेकांनी त्या गुंडाला नायक केलंय. हर्टच्या गाण्यात तो नुसता वाईट माणूस आहे. पोलीस त्याला पकडत का नाहीत, एवढंच हर्टला पडलंय. मला हे फार पटतं.

‘स्पाइक ड्रायव्हर ब्लूज’ मात्र सावकाश ऐका. हर्टने काही महिने रेल्वेच्या रुळांवर काम केलं होतं, गाणं त्या जगातलं. जॉन हेन्री हा यंत्राशी पैज लावून घण मारता मारता मेलेला लोककथेतला वीर. त्याच्यावर पोवाड्याच्या थाटाची गाणी पुष्कळ आहेत. हर्टचा मजूर म्हणतो, याच घणाने जॉन हेन्रीला मारलं, मला काही मारणार नाही. घण मुकादमाला परत नेऊन द्या, मी निघालो म्हणून सांगा. बस. पराक्रम वगैरे नाही, काम सोडून चालू लागलेला माणूस. गिटार जवळजवळ एकाच कॉर्डवर थांबलेली, एकच वळण पुन्हा पुन्हा. ऑर्केस्ट्रात असं काही वाजवलं असतं तर लोकांनी खुर्च्या सोडल्या असत्या. इथे ते संपूच नये असं वाटतं.

बाकीच्यांवरून भराभर जातो. ‘कँडी मॅन ब्लूज’ गोड चालीचं आणि चावट अर्थाचं, आपल्या लावणीच्या श्रोत्याला दुसऱ्या ओळीतच कळेल की मिठाईवाला काय विकतोय. ‘गॉट द ब्लूज, कान्ट बी सॅटिस्फाइड’ला गिटार अफलातून आहे. दोन भजनं आहेत, ‘ब्लेसेड बी द नेम’ आणि ‘प्रेइंग ऑन द ओल्ड कॅम्प ग्राउंड’. हर्ट श्रद्धाळू होता, गायलाही मनापासून, पण मला ती दोन्ही सपक वाटतात. ‘ब्लू हार्वेस्ट ब्लूज’ही माझ्या मनात फारसं राहिलं नाही. तेरातली तीन गाणी बाजूला काढली तरी दहा उरतात, तक्रार नाही.

सीडीला ज्याचं नाव आहे ते ‘अॅव्हलॉन ब्लूज’ न्यूयॉर्कला गेल्यावर घरची आठवण येऊन केलेलं. अॅव्हलॉन हे हर्टचं गाव, मिसिसिपीच्या कॅरोल काउंटीत. डेल्टाचा सपाट कापूसपट्टा संपतो आणि टेकड्या सुरू होतात अगदी त्या कडेला. गाण्यात तो म्हणतो, अॅव्हलॉन माझं गाव, सारखं मनात असतं. या एका ओळीने पुढे त्याचं आयुष्य फिरवलं. १९२९ला मंदी आली, हर्टला पुन्हा बोलावणं आलं नाही, तो शेतीकडे आणि गुरांकडे परतला. १९५२ साली हॅरी स्मिथने जुन्या तबकड्यांचा ८४ गाण्यांचा संग्रह काढला, त्यात हर्टची दोन गाणी होती. ऐकणारे थक्क झाले. पण माणूस मेला असेल असंच सगळे धरून चालले. मग वॉशिंग्टनच्या टॉम हॉस्किन्सने ‘अॅव्हलॉन ब्लूज’ ऐकलं. अॅव्हलॉन चालू नकाशात सापडेना, ते एका जुन्या अॅटलासमध्ये सापडलं आणि १९६३च्या मार्चमध्ये तो गाडी घेऊन तिथे पोचला. दुकानापाशी चौकशी केली तर लोकांनी सांगितलं, हाच रस्ता, टेकडीवरची तिसरी पत्रपेटी. हर्ट जिवंत होता, सत्तरीचा. स्वतःची गिटारही त्याच्याकडे नव्हती. आलेला गोरा माणूस सरकारी तपासनीस असावा अशी त्याला भीती वाटली म्हणे. हॉस्किन्सने आपली गिटार हातात दिली आणि हर्टने वाजवायला घेतली.

त्याच जुलैत तो न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात हजारोंपुढे बसला. पुढची तीन वर्षं कॉलेजं, कॅफे, टीव्ही, नवी रेकॉर्डिंग्ज. २ नोव्हेंबर १९६६ला तो गेला. लव्हिन’ स्पूनफुल या गाजलेल्या बँडचं नाव त्याच्याच ‘कॉफी ब्लूज’मधून आलंय, पण ते गाणं साठच्या दशकातलं, या सीडीत शोधू नका. त्याचं छोटं घर पुढे संग्रहालय झालं होतं, ते २०२४ साली जळून गेलं.

आता वस्तू म्हणून सीडी कशी आहे. आवाज जुन्या तबकड्यांवरून घेतलेला, त्यामुळे गाण्यागणिक त्याची जात बदलते. काही गाण्यांत हर्ट पुढ्यात बसल्यासारखा, काहींत पाऊस पडत असताना खिडकीबाहेर. खरखर कमी केलेली आहे. माझ्या कानाला ती जरा जास्तच कमी केली आहे, वरच्या तारांची धार काही ठिकाणी बोथट वाटते. ज्यांना खरखरीचा त्रास होतो त्यांना मात्र हे सोयीचं पडेल. आणखी एक, लॅपटॉपच्या स्पीकरवर ही सीडी ऐकू नका. अंगठाच ऐकू येत नाही, म्हणजे अर्धं गाणं गेलं. साधे हेडफोनही चालतात.

मग बाकीचे दिग्गज? घ्या की, पण हर्टच्या आधी घेऊ नका, एवढं माझं ऐका. चार्ली पॅटन डेल्टाचा पहिला मोठा माणूस, डॉकरी मळ्यावर वाढलेला. जून १९२९मध्ये एका बैठकीत चौदा गाणी भरून आला. आवाज घोगरा, दणकट, गिटारवर थापा मारत वाजवणारा. पण त्याच्या तबकड्या ज्या पॅरामाउंट कंपनीने काढल्या तिचा माल हलका, आणि नव्या कानाला आधी खरखर आणि मग पॅटन ऐकू येतो. टेक्ससचा ब्लाइंड लेमन जेफरसन १९२६पासून गाजला. एकट्या पुरुषाने गिटार घेऊन गायलेला ब्लूज खपतो हे कंपन्यांना त्याच्यामुळे नीट कळलं. पण तो ताल मनाला येईल तसा ताणतो, ओळ संपली की गिटारवर भटकून येतो, सोबत पाय ठेका धरायला गेला की फसतो. सन हाउसची स्लाइड, म्हणजे तारांवर नळी घासून वाजवलेली गिटार, आणि त्याची धर्मोपदेशकाची गर्जना अंगावर येते. स्किप जेम्सने १९३१च्या फेब्रुवारीत गायलेली गाणी तर इतकी थंड आणि एकटी आहेत की रात्री ऐकवत नाहीत. आणि जॉन्सन. २९ गाणी, १९३६ला सॅन अँटोनिओ आणि १९३७ला डॅलस, ऑगस्ट १९३८मध्ये ग्रीनवुडजवळ मृत्यू, वय २७. या सगळ्यांचं ऐकून, पचवून त्याने स्वतःचं केलं. त्यामुळे जॉन्सन आधी ऐकला तर त्याने काय केलं तेच कळत नाही. गंमत म्हणजे ग्रीनवुडहून अॅव्हलॉन जवळच. एकाच मुलखातले हे दोघे. एक सत्ताविशीत गेला आणि दंतकथा झाला, दुसरा पस्तीस वर्षं गुरं राखत तिथेच होता आणि कुणी विचारायलाही आलं नाही.

कुणी म्हणेल हर्ट हा खरा ब्लूजवाला नाहीच. तो ब्लूजच्या आधीच्या पिढीसारखा, लोकगीतं, भजनं, नाचाची गाणी, जे लोक मागतील ते गाणारा. बरोबर आहे. त्याच्या गाण्यात ‘डेल्टा’ची ती चिरफाड नाही. पण म्हणूनच तो पहिला ऐकावा. ब्लूज कशातून निघाला ते त्याच्यात दिसतं, आणि आवाज एवढा जवळचा की इंग्रजी नीट न कळणारी माझी बायकोही स्वयंपाकघरातून ओरडते, “ते म्हातारबाबा लावा ना.” तो तेव्हा म्हातारा नव्हता हे मी तिला सांगून थकलो.

विकत घेताना एक बघा. हर्टने साठच्या दशकात यातली बरीच गाणी पुन्हा गायली. तीही सुंदर आहेत, आवाज स्वच्छ, चाल संथ, म्हातारपणाची ऊब असलेली. पण मोबाइलवर गाणं शोधलं की बहुतेक वेळा तीच आधी येतात, आणि ‘फ्रँकी’चा तो वेग त्यांत नाही. तेव्हा गाण्याच्या नावापुढे १९२८ लिहिलंय ना, ते पाहूनच लावा. सीडीच हवी असेल तर नवी मिळणं मुश्कील, वापरलेली शोधा. कव्हरला तडा असला तरी चालेल, तबकडीला मात्र ओरखडा नको.